प्लग तर नवेच आहेत

घरी काम केलेली गाडी गॅरेजला येते तेव्हा मालक बहुतेक वेळा "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" म्हणतो. बोनेट उघडलं की नवी कोरी क्लिप आणि धुळीत उमटलेली बोटं दिसतात. पण सर तसे नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगितलं, तरी गाडी दोन गॅरेज फिरून माझ्याकडे आली. म्हणून ही केस अजून डोक्यातून जात नाही.

सर ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतात. गाडी पेट्रोल सेदान, चार सिलिंडर, पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणाऱ्या प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, म्हणजे त्या ठिणगीला व्होल्टेज पुरवणारा भाग. मेच्या सुट्टीत त्यांनी घरच्या पार्किंगमध्ये एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली आणि चारही प्लग नवे टाकले. ठिणगी पडते तो प्लगचा गॅप किती, आवळायचा टॉर्क किती, सगळं वहीत लिहिलेलं. आवळण्याची ताकद दाखवणारा टॉर्क रेंच विकत घेतलेला! आमच्या लाइनीत ज्यांच्याकडे तो आहे, त्यातले निम्मे तो भिंतीला टांगून ठेवतात.

थ्रॉटल साफ केल्यावर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनची चाल, वाढलं, ते दोन-चार दिवसांत आपसूक बसलं. तसं होतं. कार्बन धरून ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, थ्रॉटलची पाती किती उघडी ठेवायची ते शिकलेलं असतं. कार्बन गेला की हवा जास्त जाते, मग त्याला पुन्हा शिकावं लागतं. त्यानंतर महिनाभर गाडी मस्त. जूनचा पाऊस लागला आणि पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या चढाला झटके सुरू झाले. चेक लाइट लुकलुकत असताना सर तशीच गाडी घरापर्यंत घेऊन आले. इथे मात्र मी त्यांच्यावर थोडा चिडलो. लाइट नुसता लागला तर सावकाश आणा, पण लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन जळतंय. कॅटची किंमत ऐकली की माणूस खाली बसतो.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड पी ०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडर मिसिंग, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. कोड वाचला आणि कॉइल बदलली, विषय संपला. गाडी आठवडाभर छान चालली. मग पुन्हा तेच.

दुसऱ्या गॅरेजवाल्याला मी नावं ठेवणार नाही. त्याने बरोबर काम केलं. तीनची कॉइल दोनवर टाकली, दोनची तीनवर. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागेवर राहिला तर दुसरं काहीतरी. मीही पोरांना हेच शिकवतो. पण इथे दोन्ही सिलिंडरचे कोड आले. पी ०३०२ आणि पी ०३०३. कॉइल सरकली तर दोष सरकला, आणि जागेवरही राहिला! त्याने वायरिंग चेक केलं, ते ठीक निघालं, मग ईसीएमवर बोट ठेवलं. कॉइली परत जागेवर बसवल्या आणि पस्तीस हजारांचा आकडा सांगितला. तेव्हा सर माझ्याकडे आले.

उभ्या गाडीत काहीच सापडेना. रेस करा, एसी लावा, मिसिंग किती वेळा झालं ते दाखवणारा मिसफायरचा आकडा शून्य. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, सरांनाच चालवायला सांगितलं आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट धरला. धो धो पाऊस, धुकं. चौथ्या गिअरला स्पीड पडू दिला आणि म्हटलं, आता पाय दाबा. तीनचा आकडा भराभर वर. दोनचाही मधूनच एखादा.

खाली आल्यावर म्हटलं, प्लग काढतो. सर म्हणाले, "प्लग तर नवेच आहेत." दोन्ही गॅरेजमध्येही हेच बोलणं झालं होतं, आणि ऐकून दोघांनीही प्लगला हात लावला नव्हता. पहिल्याने तर कॉइल उपसल्यावर प्लग डोळ्यांसमोर होता.

तीन नंबरचा प्लग टॉर्चखाली धरला. पांढऱ्या चिनीमातीवर, षटकोनाच्या वर तपकिरी कडं होतं. ते बघून पोरं नेहमी ओरडतात, "लिकेज!" लिकेज नसतं ते, जास्त व्होल्टेजने तेलाचे कण तिथे चिकटतात, गाडीला काही होत नाही. मी बघत होतो दुसरंच. प्लग हळूहळू फिरवला तेव्हा एका बाजूला पेन्सिलीने ओढावी तशी काळी उभी रेघ दिसली, आणि तिच्या बुडाशी, लोखंडाला लागून, केसाएवढी चीर. नखाला जाणवत होती, डोळ्याला मुश्किलीने.

पुढचं सरांनाच माझ्यापेक्षा चांगलं सांगता आलं असतं. चढावर पूर्ण पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, मग गॅपमधून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढ्यात विजेला बाहेरून, चिरेतून लोखंडाकडे जाणं सोपं पडतं. त्यात पावसाळी दमट हवा. आयडलिंगला तेवढं व्होल्टेज लागतच नाही, म्हणून उभी गाडी साळसूद.

कॉइलच्या, प्लगवर चढणाऱ्या रबर कॅपमध्ये टॉर्च मारली. आत तशीच काळी रेघ, नेमकी प्लगच्या रेघेसमोर. जळलेल्या रबराचा कार्बन होतो आणि कार्बन वीज वाहून नेतो. म्हणजे ती कॅप चांगल्या प्लगवर बसवली तरी तिथे मिसिंग करणार. दुसऱ्या गॅरेजमध्ये कॉइली अदलाबदल केल्यावर दोन नंबरला हेच झालं होतं. इकडे तीनवर आलेली दोनची जुनी, कडक झालेली कॅप ओल्या हवेत चिरेपुढे टिकली नाही. तिच्यातही बारीक रेघ सुरू झाली होती. आणि पहिल्या गॅरेजची नवी कॉइल आठवडाभर चालली ती तिच्या नव्या, मऊ रबराच्या जोरावर.

सर जुने पार्ट मागून घेतात. डिकीतून पहिल्या गॅरेजने बदललेली जुनी कॉइल काढली, कॅप उभी चिरली. तीच रेघ. प्लग आधीपासूनच फुटका होता. साडेतीन हजारांची कॉइल उगाच गेली.

चीर कशी पडली यावर आमचं एकमत नाही. सर शपथेवर सांगतात, प्लग हातातून पडला नाही, आणि मला ते खरं वाटतं. त्यांची पेटी मागवली. प्लग आवळायची गोटी (सॉकेट) साधी, आतलं रबर गेलेलं. जुन्या प्लगवर बसवून बघितली तर लांब एक्स्टेन्शन जरा कललं की गोटीची कड चिनीमातीला टेकते. टॉर्क रेंच लावताना माणूस आकड्याकडे बघतो, दांडी सरळ आहे का बघत नाही. माझा अंदाज हा. सर म्हणतात, खोक्यातूनच तसा आला असेल. असेलही.

एक प्लग, दोन रबर कॅप. कॅप वेगळी मिळते हे पुष्कळ गॅरेजवाले गिऱ्हाइकाला सांगतच नाहीत. परत यवतेश्वर, परत पाऊस, चारही आकडे शून्य.

संध्याकाळी दुसऱ्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो स्कूटर काढून आलाच. बराच वेळ प्लग फिरवून बघत होता. म्हणाला, "आणि मी ईसीएम काढायला सांगत होतो." मग प्लग मागितला, पोरांना दाखवायला. पण सरांना तो बारावीच्या वर्गात न्यायचा होता. शेवटी प्लग सरांनी नेला, चिरलेली कॅप त्याने. पहिल्या गॅरेजवाल्यालाही बोलावलं होतं. तो अजून आलेला नाही.