रात्री डोक्यावर काय घालायचं: सिल्कचं बॉनेट की पॉलिस्टरचं?

कुरळे केस असलेल्या माझ्या मैत्रिणी, मावसबहिणी, भाच्या, कुणीही बॉनेट, म्हणजे झोपताना केस आत घालून ठेवायची सैल टोपी, घ्यायचं ठरवलं की मला विचारतातच, सिल्कचं घेऊ की सॅटिनचं? तर आधी एवढं क्लिअर करते की सिल्क हा धागा आहे आणि सॅटिन ही विण आहे, ज्यात धागा बराचसा वरच्या वर राहतो आणि अधूनमधूनच खाली जातो, म्हणून कापड गुळगुळीत आणि चकचकीत होतं. सिल्कचं सॅटिन असतं तसं पॉलिस्टरचंही असतं. पाकिटावर नुसतं सॅटिन लिहिलं असेल तर ते पॉलिस्टर आहे असंच धरून चालायचं. म्हणजे खरं बघायला गेलं तर निवड सिल्क आणि पॉलिस्टरमध्येच करायची आहे.

आपल्याकडे बॉनेट आत्ता आत्ता आलं, पण रात्री डोकं झाकून केस जपायचं हे सगळं ज्ञान अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलंय. १७८६ साली लुइझियानात एस्तेबान मिरो नावाच्या गव्हर्नरने तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी केस कापडाखाली बांधले पाहिजेत असा हुकूम काढला होता, त्यांना कमी लेखण्यासाठीच, आणि त्या बायकांनी तेच रुमाल इतके देखणे बांधले की त्याचीच फॅशन झाली. आज आपण तीनशे रुपयांत हे ऑनलाइन मागवतो तेव्हा ही गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

आता केसांचं. केसाच्या बाहेरच्या थराला बारीक खवले असतात, सुती अभ्र्यावर रात्रभर कूस बदलत राहिलं की ते घासले जातात, उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि सकाळी मानेमागे तो गुंता तयार होतो जो सोडवताना डोळ्यांत पाणी येतं. कुरळ्या केसांना जास्त त्रास कारण मुळाकडचं तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोचतच नाही, टोकं कायम कोरडी. तर बॉनेटचं मुख्य काम एकच, घर्षण कमी करणं, आणि हे काम चांगल्या विणीचं पॉलिस्टरसुद्धा व्यवस्थित करतं, त्यामुळे कॉलेजमधल्या मुलीने परवडत नाही म्हणून अजिबात वाईट वाटून घेऊ नये.

जाहिराती सांगतात की सिल्क ओलावा शोषत नाही म्हणून केस मऊ राहतात. हे मला फार खटकतं, कारण उलट आहे! टेक्स्टाइलवाल्यांच्या हिशोबात कोरड्या वजनाच्या मानाने सिल्क साधारण ११ टक्के ओलावा धरतं, सुती कापड साडेआठच्या आसपास, आणि पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के. म्हणजे पाणी न पिणारं कापड हवं असेल तर ते पॉलिस्टर आहे. सिल्कचा फायदा वेगळाच आहे, ते घामाची वाफ थोडी आत घेतं आणि बाहेर सोडतं, त्यामुळे डोकं उबत नाही. आणि सिल्कमधली प्रोटीन्स केसात शिरून केस वाढतात वगैरे जे लिहितात त्यावर एक रुपयाही खर्च करू नका, कापड डोक्यावर नुसतं ठेवलेलं असतं, त्यातून केसात काही जात नाही.

म्हणून मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे मे महिन्यात पंख्याखाली झोपणारीने पॉलिस्टर विचार करूनच घ्यावं. घाम आत कोंडतो, टाळू खाजते, ज्यांना आधीच कोंडा आहे त्यांना तर ओलं उबदार डोकं म्हणजे कोंड्याला आमंत्रणच. एसी असेल तर एवढा फरक पडत नाही. आणि ज्या मराठी मुली टोरांटोला किंवा न्यू जर्सीला राहतात त्यांचा प्रॉब्लेम वेगळा, हिवाळ्यात हीटरने घरातली हवा इतकी सुकी होते की पॉलिस्टर काढताना चटचट आवाज येतो आणि केस सगळीकडे उभे राहतात, तिथेही सिल्कच बरं.

पण तेल! आपल्याकडचा खरा मुद्दा तेल आहे आणि बाहेरच्या व्हिडिओंमध्ये त्यावर कुणी बोलत नाही. शनिवारी रात्री खोबरेल तेल चांगलं चोपडून रविवारी सकाळी न्हायचं अशी पद्धत असेल तर त्या रात्री सिल्क घालू नका, डाग पडतात आणि ते काढायला घासायला जावं तर कापड खराब होतं. तेलाच्या रात्री पॉलिस्टर, कारण ते गरम पाण्यात साबण लावून बिनधास्त घासता येतं. फक्त पॉलिस्टर तेल धरून ठेवतं, लगेच धुतलं नाही तर खवट वास बसतो आणि तो मग जाता जात नाही. मी स्वतः दोन्ही ठेवते, तेलाला वेगळं आणि रोजचं वेगळं.

सिल्क घ्यायचं ठरवलं तर ते खरं आहे का हे बघणं आलं. 'सिल्की', 'सिल्क फील', 'सॅटिन सिल्क' असलं काही लिहिलं असेल तर सोडून द्या. माझ्या ओळखीची एक जण प्युअर मलबेरी, म्हणजे तुतीच्या किड्याचं सिल्क, म्हणून मागवलेलं बॉनेट घेऊन आली तेव्हा आम्ही आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि सिंकवर काडी लावली. खरं सिल्क असतं तर जळक्या केसाचा वास आला असता आणि बोटात चुरगळली की भुकटी होईल अशी राख राहिली असती. हा धागा आक्रसला, वितळला, प्लॅस्टिकसारखा वास आला आणि टोकाला काळा कडक मणी झाला जो नखाने दाबूनही फुटेना. पॉलिस्टर! पैसे मात्र सिल्कचे. आपल्याकडे सेंट्रल सिल्क बोर्डाचं सिल्क मार्क लेबल २००४ पासून आहे, ते असेल तर निर्धास्त. आणि काही बॉनेट बाहेरून सिल्क, आतून पॉलिस्टर असतात, म्हणजे केसांना लागतं ते पॉलिस्टरच, तेव्हा आतला थर कशाचा हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

सिल्कच्या कापडाची जाडी त्याच्या वजनावरून, मॉमीमध्ये मोजतात, १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. १९ ते २२ मॉमी बॉनेटला छान, त्याहून पातळ लवकर विरतं.

घरी शिवणाऱ्यांसाठी: आईची जुनी सिल्कची साडी आहे, शिवू का त्याचं? शिवा, पण आधी हात फिरवून बघा. भंडारा गडचिरोलीचं टसर दिसायला मला जगात सगळ्यात सुंदर वाटतं, पण ते रानातल्या किड्याचं, जरा खरबरीत, केसांना नको. रॉ सिल्क आणि ड्युपियन या प्रकारच्या सिल्कला गाठी असतात, तेही नको. काठाची जरी तर अजिबातच आत येऊ देऊ नका, केस अडकून तुटतात. तुतीच्या पानांवर वाढलेल्या किड्याच्या कोषातून शेकडो मीटर सलग धागा निघतो, त्याचं सॅटिन विणीचं कापड हवं. कोष उकळताना आतला जीव मरतो हेही खरं आहे, आणि ज्यांना ते नको वाटतं त्यांनी पॉलिस्टर घ्यावं, केसांचं काही मोठं नुकसान होत नाही.

सिल्क धुताना वॉशिंग मशीनची साधी पावडर टाकू नका, बऱ्याच पावडरींमध्ये प्रोटीन खाणारं एन्झाइम असतं आणि सिल्क हे प्रोटीनच आहे. आजी रेशमी साड्या रिठ्याच्या पाण्यात धुवायची तेच करा, थंड पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायचं. उन्हात पिवळं पडतं. होस्टेलवर राहणारी, बादलीत सगळं एकत्र भिजवणारी मुलगी असेल तर तिला सिल्क देऊ नका, सरळ चांगलं दुहेरी कापडाचं पॉलिस्टर द्या.

आणि कुठलंही घेतलंत तरी इलॅस्टिक बघा. कपाळावर सकाळी लाल वळ दिसत असेल तर ते घट्ट आहे, रोज तिथेच ताण पडून कपाळाजवळचे बारीक केस गळायला लागतात आणि ते परत यायला फार वेळ लागतो, कधीकधी येतही नाहीत. रुंद पट्टी किंवा मागे बांधायची नाडी असलेलं घ्या, इलॅस्टिक कापडाच्या आत शिवलेलं असावं. ओल्या केसांवर घालू नका, रात्री न्हायलात तर पूर्ण वाळू द्या. केस लांब असतील तर सैल वेणी घालून मगच आत टाका, आणि गुंडाळ्यासारखं मोठं लांबट बॉनेट मिळतं ते घ्या, गोल छोट्यात लांब केस दुमडून बसतात आणि टोकं तिथेच मोडतात.