कवड्यांवरचा भूप : नोंद तिसरी

भूप रागातल्या चाली यदृच्छेने, आकड्यांवरून रचता येतात का, हे मी पाहतो आहे. मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे या वेळी संगणक बाजूला ठेवून चार कवड्यांवर भूप रचून पाहिला. उताण्या कवड्या मोजायच्या आणि शून्यापासून चारपर्यंतच्या आकड्यांना क्रमाने सा, रे, ग, प, ध द्यायचे, एवढाच नियम होता. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असे धरले, तर १६ शक्यतांपैकी ६ गंधाराला, प्रत्येकी ४ रिषभाला व पंचमाला आणि षड्ज-धैवताला जेमतेम एकेक मिळते. वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, गंधार आपोआप वर आला याचा आनंद झाला खरा, परंतु सोळा स्वरांत एकदाच षड्ज लागणारी चाल पेटीवर वाजवताना घरच सापडत नाही, आणि संवादी, म्हणजे महत्त्वात दुसरा असलेल्या, धैवताची तर उपासमार होते.

म्हणून पुन्हा संगणकावरच्या पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे वळलो आणि कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर किती वेळा येतो, याचा २५ घरांचा तक्ता वहीतल्या आलापांवरून भरला. अशा तक्त्यावरून पुढचा स्वर निवडण्याला मार्कोव्ह साखळी म्हणतात; तिचा उपयोग हिलर आणि आयझॅक्सन यांनी १९५७ च्या ‘इलियाक स्वीट’ या संगणकाने रचलेल्या संगीतरचनेच्या चौथ्या भागात केला होता, तेव्हा युक्ती जुनीच आहे. तुकडे गोड निघाले, पण खानापूरच्या भजनी मंडळात पेटी धरणारे आमचे काका दोन मिनिटांत म्हणाले, “अरे, हा भूप कुठला? देशकार होऊन बसलाय की!”

दोन्ही रागांत स्वर तेच पाच. देशकारात मात्र वादी धैवत असतो आणि चलन उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, राहते. चूक शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. वहीतल्या ‘ग रे सा ध, सा रे ग’ मधला धैवत मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला, आणि मी मंद्र व मध्य धैवत एकाच घरात मोजले होते. त्यामुळे षड्जावरून खाली उतरण्याऐवजी प्रोग्रॅम थेट मध्य धैवतावर उडी मारी आणि तिथेच ‘ध प ध प’ करीत रेंगाळे. आता मंद्र प, मंद्र ध आणि तार सा यांना स्वतंत्र ओळी दिल्याने तक्ता ६४ घरांचा झाला आहे, आणि दीर्घ न्यास, म्हणजे लांब मुक्काम, फक्त गंधार व षड्जावर ठेवला आहे.

त्यानंतरचा पहिलाच तुकडा सुरेख उतरला. नेमकी तेव्हाच लाईट गेली, डेस्कटॉपला यूपीएस नाही, आणि रँडम सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून तोच तुकडा पुन्हा काढता येतो तो, मी कुठेच लिहून ठेवला नव्हता. आता सीड पहिला स्वर वाजण्याआधीच फाईलच्या नावात जातो. गेलेला तुकडा मात्र काकांनी ऐकून पेटीवर धरला तेवढाच उरला आहे, आणि त्यातही शेवटचा एक रिषभ त्यांनी आपल्या पदरचा घातला आहे.