मांडवीच्या कमानींखाली

बाबांच्या बँक ऑफ बडोदाच्या जुन्या पासबुकावर मुख्य कार्यालयाचा पत्ता होता : मांडवी, बडोदा. लहानपणी तो वाचून मला मोठा राजवाडा डोळ्यासमोर यायचा. या वेळी बडोद्याला मामीकडे गेले आणि ठरवलं, आता तो पत्ता पायी गाठायचा.

दांडिया बाजारातून सुरसागर तलावाच्या कडेने आम्ही न्यायमंदिरापाशी आलो. वास्तुविशारद रॉबर्ट चिझमने 1896 साली ही इमारत बांधली ती मंडईसाठी, पण तिथे कोर्ट भरलं. तिथून लहेरीपुरा दरवाजा ओलांडला की जुनं शहर सुरू. रस्ता अरुंद होतो, दुकानं अंगावर येतात आणि समोर सरळ रेषेत मांडवी दिसते.

मांडवी हा चौकोनी मंडप आहे. प्रत्येक बाजूला तीन कमानी, म्हणजे एकूण बारा. वरचे मजले मागाहून चढलेले. मुळात हा सुलतानी काळातला. 1736 मध्ये दमाजीराव गायकवाडांच्या काळात त्याची दुरुस्ती झाली. आत उभं राहिलं की चारी दिशांना चार रस्ते सुटतात : लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर दरवाजा, गेंडीगेट. कुठूनही शहरात शिरा, माल इथेच यायचा.

नावातच सगळं आहे. मांडवी म्हणजे जकातघर. मुंबईत आणि रत्नागिरीतही मांडवी आहेच. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्या या शहरात होत्या, गायकवाडांनाही त्या कर्ज देत. मग सयाजीराव महाराजांनी 20 जुलै 1908 रोजी बँक काढली, दहा लाख रुपये भांडवलावर. तिचा पत्ता मांडवीचा, हे मला फार मोलाचं वाटतं. शहराबाहेर मोकळ्या मैदानावर खांबांची दिमाखदार इमारत उभारणं अवघड नव्हतं. महाराजांना बांधकामाची हौस होतीच. पण ज्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या पैसा मोजला गेला, तिथलाच पत्ता बँकेने घेतला. पेढीवर ओळखीने जाणारा माणूस तिथवर सहज पोचला असता.

मामी म्हणाली, “अगं, आमच्या लग्नात आहेराचे पैसे इथेच भरले होते. त्या दिवशी विठ्ठल मंदिरात पाया पडून मग बँकेत.” विठ्ठलाचं ते गायकवाडी देऊळ इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि कार्तिकी एकादशीला त्याची पालखी याच कमानींसमोरून जाते.

अलीकडे मांडवीच्या खांबांना तडे गेले, लोखंडी टेकू लावावे लागले. मला ते बघवेना. दगड-चुन्याचं काम जाणणारा माणूस लावून हे लवकर नीट करायला हवं, मगच वरची रंगरंगोटी.

परतताना मामी पुन्हा कमानीखाली थांबली. मागे पाणीगेट, समोर लहेरीपुरा. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच सावलीत उभ्या होतो.