त्याने फुलदाणी फोडली आणि मी ओरडलोच

आयर्लंडमधले पहिले पाच दिवस पावसात गेले, त्याबद्दल एवढंच. सहाव्या दिवशी ताई म्हणाली चल वॉटरफर्डला, क्रिस्टलचा कारखाना बघून येऊ. म्हणलं, ताई, काचेचे ग्लास बघायला डब्लिनहून दोन तासांच्या वर ट्रेनमध्ये बसायचं? "नको येऊस, मी एकटी जाते," असं ती ज्या आवाजात म्हणाली ना, तो ऐकून मी मुकाट्याने जॅकेट घातलं.

टूरला गर्दी होती. आमच्यापुढे बसमधून उतरलेला मोठा ग्रुप, सगळ्यांचे हात मोबाईलसकट वर, त्यामुळे भट्टी मी अर्धी लोकांच्या स्क्रीनवरच पाहिली. 1200 अंशांच्या वर तापलेला केशरी गोळा फुंकनळीच्या टोकावर घेतात, फुंकतात आणि लाकडी साच्यात फिरवतात. हो, लाकडीच! बीच आणि नासपतीचं लाकूड, पाण्यात भिजवून ठेवलेलं, म्हणजे वाफेचा पातळ थर होतो आणि काच लाकडाला चिकटत नाही. तरी लाकूड जळत जातंच, साचे सारखे नवे करावे लागतात.

मग तपासणीचा टप्पा आला. एका माणसाने एक फुलदाणी उजेडात धरली, फिरवली, परत फिरवली. आमच्यात कोणीतरी "वॉव" म्हणालं. त्याने मान हलवली आणि सरळ पिंपात आपटली. खळ्ळकन. मी चक्क ओरडलो, ताईने माझा दंड धरला. काय वाईट होतं तिच्यात? गाईड म्हणाली एक बुडबुडा. मला तर कुठे दिसला नव्हता. इथे थोडा दोष असलेला माल स्वस्तात काढून टाकू ही भानगडच नाही, नापास झालं की फोडायचं आणि तुकडे परत भट्टीत. प्रत्येक टप्प्यावर तपासणी, म्हणजे पैलू पाडण्यात तासन्‌तास घालवल्यावरसुद्धा ती वस्तू पिंपात जाऊ शकते. मला ते आवडलं की राग आला, अजून ठरत नाहीये.

त्यानंतर पैलू पाडणारे कारागीर. इथे मी अडकलो, ग्रुप पुढे गेला तरी हललो नाही. काचेवर नक्षी काढलेली नसते, नुसत्या मार्करच्या काळ्या आडव्या-उभ्या रेघा, नक्षी सगळी डोक्यात. हिऱ्याची धार लावलेलं चाक खाली फिरतंय, त्यावर पाणी पडतंय, आणि माणूस भांडं वरून चाकावर दाबतोय, म्हणजे चाक नेमकं कुठे टेकलंय ते त्याला काचेच्या आरपारच बघावं लागतं. कमी दाबलं तर पैलूला चमक नाही, जास्त दाबलं तर आरपार भोक. हे शिकायला वर्षं जातात. मला साधा पापुद्रा न तोडता अंडं सोलता येत नाही.

तसं बघितलं तर 'क्रिस्टल' हे नावच खोटं, काचेत स्फटिकाची रचना नसतेच. 1674 मध्ये इंग्लंडात जॉर्ज रेवन्सक्रॉफ्टने शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. शिशाने काच मऊ होते, पैलू नीट पडतात, प्रकाश जास्त वाकतो आणि झगमगाट येतो. वजनही वाढतं, आणि घोळ तिथेच झाला, कारण 1745 पासून ब्रिटनमध्ये काचेवर वजनाप्रमाणे कर! जाड काच, खोल पैलू, सगळंच महाग. आयर्लंडला तो कर नव्हता, पण निर्यात करायला बंदी होती. ती 1780 मध्ये उठली आणि 1783 मध्ये पेनरोज बंधूंनी वॉटरफर्डला कारखाना काढला, इंग्लंडच्या स्टौरब्रिजहून जॉन हिल नावाचा जाणकार आणला. 1825 मध्ये कर इथेही आला, 1851 मध्ये कारखाना बंद. पुढची जवळजवळ शंभर वर्षं काहीच नाही. 1947 मध्ये चार्ल्स बाचिक या चेक माणसाने परत सुरू केला आणि मिरोस्लाव हावेल या दुसऱ्या चेक माणसाने डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन जुनी भांडी बघून बघून नक्ष्या शोधल्या. म्हणजे आयर्लंडची शान दोन चेक माणसांनी उभी केली! कारखान्याची प्रसिद्ध 'लिस्मोर' नक्षी हावेलचीच, 1952 ची. नंतर 2009 मध्ये वॉटरफर्डच्याच किलबॅरी भागातला त्यांचा मोठा कारखाना बंद पडला, कामगार आत ठाण मांडून बसले होते. आम्ही पाहिला तो 2010 मध्ये गावात सुरू झालेला छोटा कारखाना, बाकी बराचसा माल आता युरोपात दुसरीकडेच बनतो. दुकानात लोक हे विचारतायत असं काही दिसलं नाही.

ताईने दोन ग्लास घेतले. किंमत मी विचारली, मग विचारली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. परतीच्या ट्रेनमध्ये ते खोकं तिच्या मांडीवर आणि माझा हात खोक्यावर, प्रत्येक वळणाला.

रात्री घरी एक ग्लास दिव्यासमोर धरून मी फिरवत बसलो, त्या माणसासारखा. दहा मिनिटं तरी झाली असतील. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सापडलाच बुडबुडा, तर मला सांगू नकोस हं."