अण्णा, काळा पाषाण आणि वहिवाट

कॅनन बीचच्या वाळूत उतरल्या उतरल्या अण्णा म्हणाले, “हा तर आपला काळा पाषाण.”

मला अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात येऊन नऊ वर्षं झाली. हिल्सबोरोहून सनसेट हायवेने दीडेक तासात हा किनारा गाठता येतो, त्यामुळे घरून कुणी आलं की हेस्टॅक रॉक दाखवायला न्यायचं हे ठरलेलंच. हेस्टॅक म्हणजे गवताची गंजी. २३५ फूट उंचीचा, वाळूतून एकदम वर आलेला हा काळा दगड लांबून खरंच गंजीसारखा दिसतो. पाहुणे फोटो काढतात, चहा पितात, गार वारा झोंबायला लागला की गाडीत बसतात. हा दगड कसला आहे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

अण्णांनी माण तालुक्यात पस्तीस वर्षं विहिरी खोदल्या. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर दगड, मग काळा पाषाण, मध्येच एखादी तांबडी गेरूची पट्टी, पुन्हा पाषाण. विहिरीच्या कडेला उभं राहून पाणी किती परसावर लागेल ते सांगायचे. पाषाण लागला की पहारीने भोकं पाडून दारू ठासायची आणि वात पेटवून वर पळायचं. त्या सुरुंगांनी त्यांचा उजवा कान गेला.

जूनमधली सकाळ होती. उन्हाळ्यात इथली सगळ्यात मोठी ओहोटी सकाळच्या उजेडात येते, म्हणून आम्ही पाचलाच निघालो होतो. पाणी इतकं मागे गेलं होतं की खडकाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता आलं. अण्णांनी वाळूतले दोन गोटे उचलले, डाव्या कानापाशी नेले आणि एकमेकांवर आपटले. खण्. पुन्हा आपटले. “मांजऱ्या असता तर भद्द वाजला असता,” म्हणाले. मग दोन्ही गोटे होते तिथे, त्याच खळग्यात ठेवले. खडकाभोवतीच्या पट्ट्यातून शिंपलाही उचलून न्यायचा नाही, असं मी त्यांना गाडीतच सांगितलं होतं.

घरी आल्यावर मी वाचत बसले, आणि अण्णांचा कान खरा ठरला. हा दगड म्हणजे बेसाल्टच, आणि तोही इथला नव्हे. साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो जिथे भेटतात त्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. जुन्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून उतरत तो सुमारे ५०० किलोमीटरवरच्या समुद्राला येऊन मिळाला. किनाऱ्याजवळ ओला, मऊ गाळ होता आणि लाव्हा त्याच्याहून जड. तो गाळात घुसला, खाली रुतत गेला, भेगांतून पसरला आणि तिथेच थिजला. पुढे जमीन वर उचलली गेली, लाटांनी मऊ गाळाचा दगड खाऊन टाकला आणि घट्ट तेवढा उरला. पूर्वी किनाऱ्यावरच ज्वालामुखी होते असं मानत. पण या दगडांची रासायनिक घडण दूरच्या पूर्वेकडच्या थरांशी जुळली, तेव्हा कोडं सुटलं.

हे सांगितल्यावर अण्णांनी विचारलं, “मग आपला?” आपलाही तसाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून आलेला, थरावर थर चढत गेलेला. दख्खनचा पसारा आजही पाच लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे कोलंबिया खोऱ्यातल्या या लाव्ह्याच्या दुपटीहून जास्त. आणि आपला लाव्हा पश्चिमेकडून वाहत थेट पूर्व किनाऱ्यावर राजमहेंद्रीपर्यंत गेला होता, सुमारे १००० किलोमीटर. तांबडी गेरूची पट्टी म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरच्या थराची झालेली माती. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ती पट्टी लागली की भिंत ढासळायची भीती असायची. पण ती माती आहे हे आत्ता कळलं.” पस्तीस वर्षं ज्या दगडात काढली त्याची हकिकत माणसाला सत्तरी ओलांडल्यावर, परक्या देशात समजावी, याचं मला वाईट वाटलं. शाळेच्या पुस्तकात दख्खनच्या पठाराचा एक परिच्छेद असतो. विहिरीवर खपणाऱ्यांपर्यंत तो कधी पोचत नाही.

पायथ्याशी मात्र आम्ही दगडापेक्षा दगडावर राहणाऱ्यांत जास्त रमलो. पाणी ओसरलं की खळग्या-खळग्यांत डबकी उरतात. हिरवीगार समुद्रफुलं, जांभळे आणि नारिंगी तारामासे, कालवांसारखे चिकटलेले काळे शिंपले. एक तारामासा अर्धा पाण्याबाहेर होता, अंगावर पांढऱ्या खड्यांची नक्षी. अण्णा गुडघ्यावर बसून बघत राहिले. २०१३-१४ साली या किनाऱ्यावर तारामाशांना रोग आला होता. त्यांचे पाय गळून पडायचे, अंग विरघळायचं. तारामासा शिंपले खातो म्हणून इतरांना खडकावर जागा मिळते. तो गेला की शिंपलेच सगळा खडक व्यापतात. त्यामुळे एकेक दिसला की मला बरं वाटतं.

वाळूवर स्वयंसेवक मोठ्या दुर्बिणी लावून उभे असतात. १९८५ पासून हे काम चालू आहे. एका बाईंनी दुर्बीण खडकाच्या माथ्याकडे वळवली आणि अण्णांना बोलावलं. माथ्यावर गवत आहे, आणि गवताखालच्या मातीत तुरेवाले पफिन बिळं करतात. काळं अंग, पांढरा चेहरा, नारिंगी चोच, डोळ्यांमागून मानेवर उतरलेले पिवळे तुरे. वसंतात येतात, ऑगस्टच्या आसपास निघून जातात आणि हिवाळा भर समुद्रात काढतात. वर्षाला एकच अंडं. अण्णांनी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. मागे रांग लागली तेव्हा मी त्यांचा खांदा हलवला.

“वर जाता येतं का?” त्यांनी विचारलं. नाही. हा दगड अभयारण्यात मोडतो. पूर्वी लोक चढायचे, मग भरती यायची आणि वरच अडकायचे. शेवटी १९६८ साली सुरुंग लावून चढायची वाटच उडवून दिली. हे ऐकून अण्णा पहिल्यांदा मोठ्याने बोलले: “वाट बंद करायला सुरुंग?” त्यांच्या आयुष्यात सुरुंग म्हणजे पाण्याकडे जायची वाट मोकळी करणं. मग पुन्हा माथ्याकडे बघून म्हणाले, “बरोबर केलं. पाखरांचं घर आहे.”

वाटेचा विषय अण्णांना लागतो, त्याला कारण आहे. गावी आमच्या शेतात जायची बांधावरची वाट शेजाऱ्याने सात वर्षांपूर्वी काटेरी कुंपण घालून बंद केली. आजोबांच्याही आधीपासूनची ती वहिवाट. तेव्हापासून तारखा चालू आहेत. म्हणून मी त्यांना या वाळूची गोष्ट सांगितली.

१९१३ साली गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या पुढाकाराने इथली ओली वाळू, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी पट्टी, कायद्याने सार्वजनिक रस्ता ठरली. कोरडी वाळू मात्र मोघम राहिली. १९६६ मध्ये याच कॅनन बीचवर एका मोटेलच्या मालकाने आपल्या समोरची कोरडी वाळू ओंडके लावून अडवली आणि फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवली. लोक खवळले. १९६७ साली गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी सही केलेल्या कायद्याने झाडोऱ्याच्या रेषेपर्यंतची वाळू लोकांच्या वापरासाठी राखली. प्रकरण ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने जो आधार घेतला तो वहिवाटीचा. लोक या वाळूवरून पूर्वापार, विनाखंड, भांडण न करता ये-जा करत आले आहेत, म्हणून तो त्यांचा हक्क. पहिले गोरे इथे आले तेव्हा मूळचे लोक याच कोरड्या वाळूवर चुली पेटवत होते, याचीही नोंद निकालात आहे.

त्या चुलींची आणखी जुनी नोंदही आहे. जानेवारी १८०६ मध्ये लुईस-क्लार्क शोधमोहिमेतला कॅप्टन क्लार्क किनाऱ्याला लागलेला देवमासा बघायला डोंगर ओलांडून इथल्या ओढ्यापाशी आला, तेव्हा इथले मूळचे टिलामूक लोक लाकडी डोणीत तापलेले दगड टाकून देवमाशाची चरबी उकळत होते. क्लार्कने ओढ्याला इकोला नाव दिलं, ते शेजारच्या चिनूक लोकांच्या भाषेतल्या देवमाशाच्या शब्दावरून. १८५१ साली या भागातल्या क्लॅटसॉप आणि नेहालेम लोकांशी करार झाले, पण अमेरिकेच्या सिनेटने ते कधीच मंजूर केले नाहीत, आणि जमीन मात्र गेली. ज्यांच्या चुलींनी सगळ्यांची वहिवाट सिद्ध झाली त्यांच्याबाबतीत हे घडावं, हे मला वाचतानाही सहन होत नव्हतं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “त्यांच्याकडं कागद नसणार.”

नऊच्या सुमारास पाणी चढायला लागलं. स्वयंसेवकांनी हाका मारून सगळ्यांना मागे बोलावलं. आम्ही कोरड्या वाळूवर बसून डब्यातली भाकरी-चटणी खाल्ली. समोर लाटांनी आधी डबकी बुजवली, मग पायथा. अण्णांनी विचारलं, ज्या मोटेलवाल्याने वाळू अडवली होती ते कुठलं? मी हाताने दिशा दाखवली. आमच्यासमोरून एक बाई कुत्रा घेऊन चालत गेली, मागून दोन मुलं पतंग ओढत पळाली.

“तो निकाल मराठीत लिहून दे,” गाडीत बसल्यावर अण्णा म्हणाले. “वकिलांना दाखवतो.” परदेशातला निकाल आपल्याकडे चालायचा नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “चालू दे न चालू दे. त्यांना वाचू तर दे.”

शुक्रवारी त्यांचं विमान आहे. दोन पानं लिहून झाली आहेत. तिसऱ्यावर गेरूच्या पट्टीचं लिहिते आहे, ते त्यांनी स्वतःसाठी मागितलं आहे.