आदीं पळय

रात्रीचे बारा वाजून गेलेत. आषाढातला पाऊस कौलांवर नुसता कोसळतोय आणि वीज नऊ वाजताच गेली. बाबांना आत्ता कुठे डोळा लागलाय. मला मात्र झोप येणार नाही, म्हणून मेणबत्तीच्या उजेडात लिहायला बसले आहे.

साडेदहाला बॅटरी घेऊन बाबांच्या लघवीच्या नळीची पिशवी बघितली, तर लघवी सातला होती त्याच रेघेवर, अडीचशे मिलिलिटरवर. साडेतीन तासांत थेंब उतरला नव्हता. बाबा पोटावर हात ठेवून गप्प पडले होते, कपाळावर घाम. माझा हात सरळ कपाटाकडे गेला. तिथं सलाइनची बाटली आणि साठ मिलिलिटरची सिरिंज ठेवलेली असते. पण कपाट उघडलं नाही. तिथंच थांबले.

थांबायला शिकले ते फाल्गुनात. प्रोस्टेट वाढलेलं, त्यात पक्षाघात, म्हणून बाबांना कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातली लघवी बाहेर आणणारी नळी, घालून घरी आणलं. मला वाटायचं, नळी म्हणजे आतून धुतलीच पाहिजे. नात्यातल्या एकीनं सांगितलं, रोज पाणी मारायचं म्हणजे गाळ साचत नाही. मी रोज सकाळी नळी आणि पिशवीचा जोड उघडायचे, उकळून गार केलेलं पाणी सिरिंजनं आत सोडायचे, आणि मनापासून वाटायचं की मी बाबांची सेवा करते आहे. तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. पाच दिवस वॉर्डात काढले. डॉक्टर म्हणाले, तो जोड बंदच राहिला पाहिजे, दर वेळी उघडलात की जंतूंना वाट मिळते. मला कुणी बोललं नाही. मीच मला अजून बोलते.

घरी येण्याच्या आदल्या दिवशी सिस्टरनी शेजारी बसवून सगळं शिकवलं. नळी धुणं ही स्वच्छता नव्हे, तो उपचार आहे. रक्ताच्या गाठींनी किंवा गाळानं नळी तुंबली, तर आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच करायचा. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, 2009 साली काढलेल्या सूचनांतही हेच आहे, अडथळ्याची शक्यता नसेल तर धुऊ नका. करायचंच झालं तर निर्जंतुक नॉर्मल सलाइन, निर्जंतुक सिरिंज, साबणानं धुतलेले हात, ग्लोव्हज, आणि जोडाची दोन्ही टोकं कशालाही न लागू देता. सलाइन हळूहळू सोडायचं. आत जात नसेल तर जोर लावायचा नाही, सोडलेलं परत येत नसेल तर आणखी सोडायचं नाही. तेव्हा नळीच बदलावी लागते, आणि ते आपलं काम नव्हे. रोज आपण करायचं ते बाहेरून. साबण-पाण्यानं, नळी आत शिरते तिथून बाहेरच्या दिशेनं पुसत यायचं, आणि पुरुषांच्या बाबतीत मागं सारलेली कातडी आठवणीनं पुन्हा पुढं आणायची. ही शेवटची गोष्ट मला तोवर कुणीच सांगितली नव्हती. संकोचानं, दुसरं काय. बापाचं अंग मुलीनं पुसायचं, तर कुणी कुणाला नीट सांगत नाही.

बाबांना हे सगळं माझ्याआधी कळलं. पन्नास वर्षं त्यांनी गोव्यातल्या सावईवेऱ्याचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, शिंपलं. सोळा नंबरची नळी बाहेरून जेमतेम सव्वापाच मिलिमीटर जाड, आतली वाट त्याहून बारीक, हे सिस्टरनी सांगितलं तेव्हा म्हणाले, म्हणजे पाटच की. पाटाला उतार लागतो, म्हणून पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. पाटात पाला अडकतो तशी नळीत खरखरीत पुटं चढतात. प्रोटियस नावाचे जंतू लघवी अल्कधर्मी करतात आणि त्यातले क्षार नळीला धरतात. आणि माडांपर्यंत पाणी पोचलं नाही, तर बाबा कधी मुळाशी जाऊन जास्त पाणी सोडत नसत. पाटाच्या कडेनं चालत जायचे. मी लहानपणी मागून चालायचे तेव्हा सांगायचे, "आदीं पळय बाय, मागीर कर." आधी बघ, मग कर.

आज तेच केलं. पिशवीकडून वर सुरुवात केली. पिशवी पलंगाच्या दांडीला, खालीच होती. नळीला पीळ नव्हता. चादर उचलली. मांडीवरची पट्टी पावसाळी दमटपणानं सुटली होती, नळी मांडीखाली सरकून दबलेली. बाबांना कुशीवर वळवलं, नळी मोकळी केली, आणि बॅटरीच्या उजेडात लघवी धावताना दिसली. बाबांनी एक मोठा श्वास सोडला. रंग पिवळा, रक्त नाही, गाठी नाहीत. सातशे तीसच्या रेघेपर्यंत आली, म्हणजे चारशे ऐंशी आत अडून होती.

तेवढ्यावर सुटली नसती, तर सलाइन न लावता आधी डॉक्टरांना फोन केला असता. ताप, थंडी, पोट टम्म होऊन दुखणं, गाठी पडणं, यातलं काही दिसलं तर 108 ला. नंबर पलंगाच्या डोक्याशी लिहून ठेवलाय, दादालाही दाखवलाय.

बाबांना तीन दिवस शौचाला साफ होत नाहीये. आतडं भरलं की तेही वाट दाबतं, नळीच्या कडेनं गळायला लागतं. उद्या पपई आणि ताक. नवी पट्टी सकाळी अंग कोरडं करून लावायची. सिलिकॉनची नळी आहे, जास्तीत जास्त बारा आठवडे, वहीत बदलायची तारीख बघितली तर नऊ दिवस उरलेत. सिस्टरना उद्या सांगायला हवं.

मघाशी कूस बदलून देताना बाबांनी माझं मनगट धरलं. "जोर लावला नाहीस ना?" म्हणाले.

नाही लावला, बाबा. पिशवी परत एकदा बघून येते.