नायसेच्या दोन काठांवर

शनिवार, रात्री साडेदहा

आईला जर्मनी दाखवायची म्हटल्यावर सगळ्यांनी बर्लिन, म्युनिक अशीच नावं सुचवली. मी आज तिला ग्योर्लिट्झला नेलं. ड्रेस्डेनहून रेल्वेने साधारण दीड तास, जर्मनीचं अगदी पूर्वेचं शहर. मध्य युरोपातली घड्याळं ज्या १५ अंश पूर्व रेखांशावरून लावतात, तो याच शहरातून जातो.

महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून हे शहर जवळजवळ वाचलं. पण वाचलेली घरं पूर्व जर्मनीच्या काळात डागडुजीविना पडायला आली. मग १९९५ पासून कुणी एक जण जुन्या भागासाठी दर वर्षी दहा लाख मार्क पाठवू लागला, युरो आल्यावर ५,११,५०० युरो. २०१६ पर्यंत हे चाललं. अट एकच, नाव गुप्त राहिलं पाहिजे. आज रंगवलेल्या प्रत्येक दारापाशी मला त्या माणसाची आठवण येत होती.

पेटर्सकिर्शं चर्चच्या शेजारी वाइडहाउस आहे. वाइड नावाच्या झाडाच्या पानांपासून निळा रंग करायचे, त्याचं हे कोठार. त्या व्यापारावर शहर गबर झालं. पुढे समुद्रमार्गाने हिंदुस्थानातली नीळ येऊ लागली आणि वाइडचे दिवस भरले. "म्हणजे आपल्या निळीने यांचा धंदा बसवला की गं," आई म्हणाली आणि त्या जाड भिंतीवरून हात फिरवत राहिली.

तिथून खाली उतरलं की पूल. ७ मे १९४५ ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुना पूल उडवून दिला. नायसे नदी सीमा झाली आणि पलीकडचा भाग पोलंडचं झ्गोझेलेत्स झाला. तिथल्या जर्मनांना घरं सोडावी लागली. त्या घरांत जे पोलिश लोक आले, त्यांतले कितीतरी स्वतःच घरं सोडून आलेले, कारण पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता. नंतर ग्रीसच्या यादवीतून निघालेली हजारो माणसंही इथे आली. जोडे शिवता शिवता तत्त्वज्ञान लिहिणाऱ्या याकोब बोमेचं घर त्या काठाला राहिलं आणि कबर या काठाला. पायी जायचा पूल पुन्हा बांधून व्हायला २००४ साल उजाडलं.

हे सगळं सांगत होते तेव्हा आई पुलाच्या मध्यावर थांबली. तिचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं तेव्हा ती सात वर्षांची होती. कठड्याला धरून म्हणाली, "दुसरीच्या चुलीवर पहिला भात शिजवताना त्या बायांना कसं झालं असेल गं?" मला काही बोलता आलं नाही. पलीकडच्या काठावर आम्ही चहा घेतला. ती नदीकडे तोंड करून बसली होती.

परतताना उंटरमार्क्ट चौकातल्या कुजबुजत्या कमानीपाशी गेलो. दाराच्या दगडी कमानीत खाच आहे, एका टोकाला हळू बोललं की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. मी गार दगडाला कान लावला. पलीकडून आईने तिच्या बुडालेल्या गावाचं नाव घेतलं.